रिंग रोडच्या प्रवाशाला बर्डीचा वळसा कशासाठी?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

नागपुरातील सार्वजनिक वाहतुकीचा विषय निघाला की चर्चा मेट्रोचा पुढचा टप्पा, एखादा नवा उड्डाणपूल किंवा वर्धा मार्गावरची कोंडी यांच्याभोवतीच फिरते. शहरातून बाहेर पडणाऱ्या सर्व प्रमुख रस्त्यांना छेदत जाणाऱ्या इनर रिंग रोडवरून रोज कामाला जाणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. त्यातही छत्रपती चौकातून निघून नरेंद्रनगर, शताब्दी चौक, ओंकारनगर, मानेवाडा, उदयनगर, म्हाळगीनगर अशा चौकांवरून दिघोरी नाक्याला मिळणारा जो दक्षिणेकडचा पट्टा आहे, त्याची बससेवेच्या बाबतीत सर्वांत जास्त उपेक्षा झाली आहे, असे मला वाटते. मी मानेवाडा परिसरात राहते आणि नोकरीसाठी याच रस्त्याने ये-जा करते. हा पट्टा जेमतेम सात-आठ किलोमीटरचा आहे. परंतु सकाळच्या वेळी तो बसने पार करायचा म्हटले, तर रिंग रोडवर उभे राहून वाट पाहण्यापेक्षा आधी बर्डी (शहराच्या मध्यभागातली सीताबर्डी) गाठावी आणि तिथून दुसऱ्या बसने परत फिरावे, हेच अनेकांना अधिक खात्रीचे वाटते.

याचे मूळ शहर बसचे मार्ग ज्या पद्धतीने आखले गेले त्यात आहे. एसटी महामंडळ शहर बस चालवत होते तेव्हा, नंतर स्टार बस आली तेव्हा, आणि २०१७ पासून महापालिकेची ‘आपली बस’ धावू लागल्यावरही आखणीचे सूत्र फारसे बदललेले दिसत नाही. प्रत्येक वस्तीतून बस निघावी, तिने मोरभवन बसस्थानक किंवा बर्डीचा परिसर गाठावा आणि तिथून माघारी फिरावे, असे हे सूत्र आहे. एके काळी ते योग्यच होते. बाजारपेठ, सरकारी कचेऱ्या, महाविद्यालये, रेल्वे स्थानक सारेच बर्डीत किंवा बर्डीच्या आसपास होते आणि मानेवाड्याच्या पुढे शेती सुरू होत होती. आज बेसा, पिपळा, हुडकेश्वर, नरसाळा या भागांत फ्लॅट संस्कृती रुजली आहे. दवाखाने, शिकवणी वर्ग, बँका, मंगल कार्यालये आणि मोठी दुकाने रिंग रोडच्या दुतर्फा आली आहेत. साहजिकच लोकांच्या जाण्या-येण्याच्या दिशाही बदलल्या. त्रिमूर्तीनगरच्या रुग्णालयात काम करणारी परिचारिका म्हाळगीनगरला राहते, हिंगणा एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा कामगार खरबीला राहतो आणि मिहान या औद्योगिक प्रकल्पात नोकरी करणाऱ्या तरुणांना वर्धा मार्गावरची बस धरण्यासाठी आधी छत्रपती चौक गाठावा लागतो. यांच्यापैकी कुणालाही बर्डीत काम नाही. तरीही बसने जायचे तर बर्डीची वाट वाकडी करायची, नाहीतर दोन-तीन शेअर ऑटो बदलायचे, एवढेच पर्याय त्यांच्यापुढे उरतात. ज्यांना परवडते ते दुचाकी घेतात आणि ज्यांना परवडत नाही तेही हप्त्यावर घेतात.

शेअर ऑटोचा मुद्दा थोडा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण ‘बस नसली तरी ऑटो आहेत की’ असे उत्तर नेहमी दिले जाते. ऑटो चौक ते चौक चालतो. दिघोरीवरून बसलेला माणूस मानेवाड्यात उतरतो, तिथे दुसरा ऑटो भरेपर्यंत थांबतो, छत्रपती चौकात पुन्हा उतरतो आणि पुढे प्रतापनगर किंवा पडोळे चौकाकडे जायचे असेल तर तिसरा ऑटो शोधतो. प्रत्येक वेळी वेगळे भाडे आणि प्रत्येक वेळी वेगळी प्रतीक्षा. घरकाम, स्वयंपाक किंवा रुग्णांची देखभाल करण्यासाठी पश्चिम नागपुरात जाणाऱ्या महिलांची संख्या या रस्त्यावर मोठी आहे. एका घरातून दुसऱ्या घरी ठरलेल्या वेळी पोहोचण्यावर त्यांचे काम टिकून असते. पाच मिनिटे उशीर झाला म्हणून मालकिणीचे बोल ऐकावे लागू नयेत यासाठी त्या अर्धा तास आधी घराबाहेर पडतात. हा अर्धा तास कोणत्याही वाहतूक आराखड्याच्या खर्चात धरलेला नसतो.

आता थांब्यावर प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. रिंग रोडवरील कोणत्याही मोठ्या चौकात सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास उभे राहिल्यास हे चित्र दिसेल. थांब्याची शेड चौकाच्या अगदी अलीकडे असते. शेडसमोर शेअर ऑटो एकामागे एक लागलेले असतात आणि त्यांच्या मागे फळांची एखादी गाडी उभी असते. बस आली तरी तिला डाव्या कडेला येताच येत नाही, म्हणून ती मधल्या रांगेतच थांबते. सिग्नल हिरवा असला तर मागची वाहने भोंगे वाजवू लागतात, लाल असला तर बसच्या डावीकडून दुचाकी घुसतात. प्रवाशांनी या दुचाकींमधून वाट काढत बसच्या दारापर्यंत पळायचे असते. तरुण मुले पळतात. हातात एक्स-रेचे मोठे पाकीट धरून मेडिकल रुग्णालयात निघालेले वृद्ध गृहस्थ पळू शकत नाहीत. ते हात वर करतात, कंडक्टर ‘या, या, लवकर या’ म्हणतो, मागचे भोंगे वाढतात आणि शेवटी घंटी वाजते. त्यात दोष चालकाचा नाही, कंडक्टरचा नाही आणि त्या वृद्धांचा तर नाहीच. बस जिथे थांबायला हवी ती जागाच तिच्यासाठी मोकळी ठेवलेली नाही. शेडवर मात्र कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा नियमितपणे झळकत असतात. त्या फलकाच्या एका कोपऱ्यात बसचे क्रमांक आणि वेळा छापल्या असत्या तरी त्या नेत्याला पुष्कळ दुवा मिळाला असता.

या समस्येवर एकच उपाय पुरेसा आहे असा माझा दावा नाही. पण सुरुवात कुठून करावी हे मेट्रोच्या नकाशाकडे पाहिले की स्पष्ट होते. नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी पूर्ण झाला. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही उत्तर-दक्षिण मार्गिका आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर ही पूर्व-पश्चिम मार्गिका बर्डीवर एकमेकींना छेदतात. म्हणजे मेट्रोचा आकारही पुन्हा बर्डी केंद्र धरून काढलेल्या अधिक चिन्हासारखाच आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केलेला ४३.८ किलोमीटरचा दुसरा टप्पा बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि ट्रान्सपोर्टनगर या दिशांना याच चार बाहू लांबवणारा आहे. तो पूर्ण झाल्यावरही मानेवाडा, म्हाळगीनगर, दिघोरी आणि खरबी यांच्या वाट्याला मेट्रो येणार नाही. त्याबद्दल तक्रार नाही. मेट्रो गल्लोगल्ली जाऊ शकत नाही हे सर्वांना समजते. मात्र इनर रिंग रोड या चारही बाहूंना कुठे ना कुठे भेटतो. दक्षिणेला छत्रपती चौक, पश्चिमेला रचना रिंग रोड जंक्शन, उत्तरेला ऑटोमोटिव्ह चौक आणि पूर्वेला प्रजापतीनगर परिसर ही ती ठिकाणे आहेत. त्यातल्या एका स्थानकाच्या तर नावातच रिंग रोड आहे! या चार स्थानकांना जोडणारी, भरवशाची आणि सतत धावणारी बस असेल, तर मेट्रोपासून दूर राहिलेला दक्षिण आणि पूर्व नागपूरचा मोठा भाग मेट्रोच्या कक्षेत येईल आणि मेट्रोलाही आज न मिळणारे प्रवासी मिळतील.

दिल्लीत रिंग रोडवरची ‘मुद्रिका’ आणि बाहेरच्या रिंग रोडवरची ‘बाहरी मुद्रिका’ या बससेवा अनेक दशकांपासून लोकांच्या तोंडी आहेत. आपल्याला जायचे ठिकाण मुद्रिकेच्या मार्गावर आहे का, एवढे पाहून दिल्लीकर प्रवासाचा बेत आखत आले. तिचा मार्ग कुणाला समजावून सांगावा लागत नाही, हे वर्तुळाकार सेवेचे सर्वांत मोठे बळ आहे. परंतु तिची अडचणही त्याच गोलाकारात आहे. बर्डीला जाणारी बस शेवटच्या थांब्यावर पोहोचली की उशीर भरून काढायला तिला थोडा वेळ मिळतो. अखंड वर्तुळात शेवटचा थांबाच नसतो. एका चौकात झालेला दहा मिनिटांचा उशीर पुढच्या चौकात पंधरा मिनिटांचा होतो, मागून येणारी बस पुढच्या बसला गाठते, आणि मग दोन बस एकामागे एक येतात व त्यानंतर तासभर काहीच येत नाही. म्हणून संपूर्ण रिंग रोडला एकच गोल मार्ग न देता त्याचे दोन किंवा तीन कमानीसारखे भाग करावेत आणि प्रत्येक भागाची टोके मेट्रो स्थानकांपाशी ठेवावीत. छत्रपती चौकातून मानेवाडा, दिघोरी, खरबीमार्गे प्रजापतीनगर हा पहिला भाग. छत्रपती चौकातून प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरमार्गे रचना रिंग रोड जंक्शन आणि तिथून काटोल नाका, मानकापूरवरून ऑटोमोटिव्ह चौक हा दुसरा. उरलेला पूर्व-उत्तर भाग नंतर जोडता येईल. तो मुख्यतः मालवाहतुकीचा पट्टा असल्याने त्याची निकड तुलनेने कमी आहे.

पहिल्या भागासाठी किती बस लागतील याचा हिशेब अवघड नाही. एका बसला छत्रपती चौकातून प्रजापतीनगरला जाऊन परत यायला, दोन्ही टोकांचा विसावा धरून, दोन तास लागतात असे मानू. दर १० मिनिटांनी बस सोडायची तर अशा १२ बस रस्त्यावर हव्यात, आणि बिघाड किंवा देखभालीसाठी एक-दोन राखीव. सव्वा-दीड डझन बससुद्धा नाहीत या. काही लाख लोकांच्या पट्ट्यासाठी ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. बारा मीटरच्या मोठ्या बसच हव्यात असाही हट्ट नाही. रिंग रोड रुंद असला तरी चौकांमधली वळणे आणि थांब्यांची स्थिती पाहता नऊ मीटरच्या मिडी बस इथे अधिक उपयोगी पडतील. मोठी बस अर्ध्या तासाने येण्यापेक्षा लहान बस दहा मिनिटांनी येणे प्रवाशाला केव्हाही सोयीचे असते.

दहा मिनिटांचा आग्रह का, तेही सांगते. दर अर्ध्या तासाने नेमाने बस येत असेल, तर वेळापत्रक न पाहता थांब्यावर आलेल्या प्रवाशाला सरासरी १५ मिनिटे थांबावे लागते. त्याच बस जोडीने येऊ लागल्या आणि दर तासाला दोन बस एकदम आल्या, तर कागदावर फेऱ्या तेवढ्याच राहतात, पण सरासरी प्रतीक्षा ३० मिनिटांवर जाते. फेऱ्यांची संख्या मोजणाऱ्या अहवालात हा फरक कुठेच दिसत नाही. बस चालवणाऱ्या कंत्राटदारांना प्रति किलोमीटर दराने पैसे देण्याची पद्धत आहे. त्यात बस किती किलोमीटर धावली याची नोंद होते, ती वेळेवर आणि योग्य अंतराने आली का याला फारसे वजन मिळत नाही. रिंग रोडच्या सेवेसाठी तरी दोन बसमधले अंतर पाळण्यावर बक्षीस आणि दंड ठेवावा. बसमध्ये जीपीएस असताना हे तपासायला कुणाला चौकात उभे राहायची गरज नाही. ज्या शहरांत अशा मार्गांवर दोन-चार बस सोडून पाहिल्या जातात आणि ‘प्रवासी मिळत नाहीत’ म्हणून त्या बंद केल्या जातात, तिथे दोष मार्गाचा नसतो. पाऊण तासाने येणाऱ्या बससाठी नोकरदार माणूस थांबत नाही, इतकेच त्यातून सिद्ध होते.

थांब्यांच्या बाबतीत तीन गोष्टी तातडीने करता येण्यासारख्या आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही. पहिली म्हणजे थांबे चौकाच्या अलीकडून पलीकडे न्यावेत. सिग्नल ओलांडल्यावर थांबलेली बस मागच्या वाहनांचा हिरवा दिवा वाया घालवत नाही आणि डावीकडे वळणाऱ्यांच्या वाटेत येत नाही. दुसरी म्हणजे थांब्यापुढे बसच्या लांबीच्या किमान दुप्पट जागा रंगवून राखून ठेवावी आणि तिथे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक वाहनावर, मग तो ऑटो असो, मालमोटार असो, खाजगी ट्रॅव्हल्स असो की एखाद्या अधिकाऱ्याची गाडी, सारखीच कारवाई व्हावी. ऑटोवाल्यांना हुसकून लावा असे मी म्हणत नाही. बेसा, हुडकेश्वर, नरसाळ्याच्या आतल्या वस्त्यांतून रिंग रोडपर्यंत लोकांना आणण्याचे काम ऑटो आणि ई-रिक्षाच करणार आहेत. त्यांना चौकाला लागून, बसथांब्याच्या मागे, स्वतःची हक्काची जागा दिली तर दोघांचेही भले होईल. तिसरी गोष्ट सावलीची. ज्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे पत्र्याचे छत आणि स्टीलचे बाक ही थांब्याची रचना कुणाला सुचली असेल, याचे नवल वाटते. दुपारी एक वाजता त्या बाकावर बसून दाखवणाऱ्यालाच पुढच्या थांब्याचे कंत्राट द्यावे. थांब्याजवळ कडुनिंब, करंज किंवा पिंपळाची झाडे लावली आणि शेडची मागची बाजू पश्चिमेच्या उन्हाला आडवी केली तर उन्हाळ्यात थांब्यावर उभे राहणे सुसह्य होईल.

छत्रपती चौकाचा स्वतंत्र विचार करावा लागेल, कारण संपूर्ण योजनेचे यश तिथे अवलंबून आहे. या चौकातला जुना उड्डाणपूल २०१६ मध्ये पाडण्यात आला आणि आज तिथे खाली रस्ता, वर वाहनांचा उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी तीन मजली व्यवस्था आहे. वर्धा मार्गावरच्या ३.१४ किलोमीटर लांबीच्या या दुमजली पुलाची नोंद गिनीज बुकात झाली, याचा प्रत्येक नागपूरकराला अभिमान आहे. परंतु रिंग रोडवरून आलेल्या प्रवाशाला या तिन्ही मजल्यांच्या सान्निध्यात मेट्रोच्या जिन्यापर्यंत पोहोचायचे तर वळणारी वाहने, ट्रॅव्हल्सच्या गाड्या आणि पार्क केलेल्या दुचाकी यांच्यामधून रस्ता ओलांडावा लागतो. दोन्ही बाजूंच्या रिंग रोड बसचा थांबा मेट्रोच्या जिन्याजवळ, पायी रस्ता न ओलांडता पोहोचता येईल अशा जागी असला पाहिजे. सामान घेतलेल्या, लहान मूल कडेवर असलेल्या किंवा काठी टेकत चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने बस आणि मेट्रो यांच्यातले शेवटचे दीडशे पाऊल सर्वांत महाग असते.

पावसाळ्याचेही सांगायला हवे. नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली जोराचा पाऊस झाला की पाणी साचते, हे दक्षिण नागपुरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. अशा वेळी वाहने वाट बदलतात, बसही बदलते, आणि थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला काहीच कळत नाही. पाण्याचा निचरा हा वेगळा आणि जुना विषय आहे. त्यावर बोलायला लागले तर हे पत्र संपणारच नाही. पण पाणी साचल्यावर बस कोणत्या पर्यायी मार्गाने जाईल आणि कोणते थांबे घेईल, हे आधी ठरवून थांब्यांवर लावून ठेवणे महापालिकेला सहज शक्य आहे. पाऊस अचानक येतो. पाणी साचण्याची जागा मात्र दरवर्षी तीच असते.

तिकिटाच्या व्यवस्थेत बस आणि मेट्रो या दोन वेगळ्या संस्था आहेत, हे प्रवाशाला जाणवता कामा नये. राष्ट्रीय सामायिक मोबिलिटी कार्डाचे उद्घाटन २०१९ मध्ये झाले. एकाच कार्डावर देशभर बस, मेट्रो, वाहनतळ सारे चालावे हा त्याचा हेतू होता. निदान रिंग रोडच्या बसमध्ये मेट्रोचे कार्ड चालावे आणि ठरावीक वेळेत बसमधून मेट्रोत किंवा मेट्रोतून बसमध्ये गेल्यास भाड्यात सवलत मिळावी, एवढी सुरुवात तरी नागपूर करू शकते. भाडे कमी केल्याने प्रवासी वाढतात हे मुंबईत बेस्टने २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले तेव्हा दिसले. पुढे खर्चाचा मेळ बसेना म्हणून २०२५ मध्ये ते वाढवावे लागले, हेही तितकेच खरे. म्हणून सरसकट स्वस्ताईपेक्षा दुसऱ्या वाहनात चढताना पुन्हा किमान भाडे भरावे लागू नये, ही मागणी मला अधिक व्यवहार्य वाटते.

पैशाचा प्रश्न टाळता येणार नाही. शहर बस जवळपास कोणत्याच शहरात नफ्यात चालत नाही. पण रस्त्याच्या काँक्रिटीकरणातून, दुभाजकातून किंवा उड्डाणपुलातून महापालिकेला नफा किती झाला, असे कुणी विचारत नाही. बसच्या वेळीच तोट्याचा शब्द पहिल्यांदा का येतो, हे समजत नाही. ‘वाहने नव्हे, माणसे हलवणे’ हा विचार २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाच्या मुळाशी आहे. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा मानकांनुसार दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा अधिक बस असणे ही उत्तम स्थिती मानली जाते. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाख ५ हजार ६६५ होती. त्या जुन्या आकड्यावरसुद्धा सुमारे १,४४० बस व्हायला हव्यात. आपल्याकडे काही शेच आहेत. पीएम ई-बस सेवा योजना २०२३ मध्ये मंजूर झाली, ती नेमकी ३ लाख ते ४० लाख लोकसंख्येच्या शहरांसाठी देशभरात १०,००० इलेक्ट्रिक बस देण्याकरिता आहे. नव्या बस येतील तेव्हा त्या पुन्हा बर्डीच्या त्याच गर्दीच्या मार्गांवर वाटून टाकण्याचा मोह होईल, कारण तिथे प्रवासी लगेच दिसतात. रिंग रोडचे प्रवासी आज ऑटोत आणि दुचाकीवर आहेत, म्हणून ते बसच्या हिशेबात दिसत नाहीत. एक बारा मीटरची बस साधारण तीन मोटारींची जागा व्यापते आणि चाळीस-पन्नास माणसे नेते. त्या तीन मोटारींत सकाळी किती जण बसलेले असतात, ते मानेवाडा चौकाच्या सिग्नलवर काचेतून डोकावल्यास दिसेल.

यावर एक आक्षेप असा येईल की, इंदोरा ते दिघोरी उड्डाणपुलाचे काम आणि इतर मोठी कामे झाली की पूर्व व दक्षिण नागपुरातली कोंडी आपोआप सुटेल, मग बसची एवढी घाई कशाला. उड्डाणपुलाने वाहने चौकावरून पुढे जातात हे मान्य आहे. पण बसचा प्रवासी चौकातच चढतो आणि चौकातच उतरतो. वरून गेलेल्या पुलाचा त्याला उपयोग नाही. उलट कामाच्या काळात खालचा रस्ता अरुंद होतो, थांबे हलवले जातात आणि ते कुठे हलवले याचा पत्ता लागत नाही. अशा काळात बसची गरज वाढते, कमी होत नाही.

शेवटच्या बसबद्दलही चार शब्द लिहिते. संध्याकाळी आठनंतर रिंग रोडवर बसची वाट पाहणारी बाई दिसली की ऑटोवाले आपण होऊन थांबतात आणि भाडे विचारल्यावर ‘स्पेशलच पडेल’ म्हणतात. दुकाने, रुग्णालये आणि शिकवणी वर्ग रात्री नऊ-साडेनऊला सुटतात. मेट्रो त्या वेळेपर्यंत धावत असते, पण छत्रपती चौकात मेट्रोतून उतरल्यावर मानेवाडा किंवा दिघोरीकडे जायला बस नसेल तर सकाळी बसने जाणारी मुलगी दुसऱ्या दिवसापासून दुचाकीच काढते. परतीची खात्री नसेल तर माणूस सकाळचाही प्रवास बसने करत नाही. म्हणून दिवसाच्या फेऱ्यांमधून दोन कमी कराव्या लागल्या तरी चालतील, परंतु शेवटच्या मेट्रोच्या वेळेशी जुळणारी शेवटची बस कोणत्याही परिस्थितीत रद्द होऊ नये. तिची वेळ थांब्यावर ठळक अक्षरांत लिहिलेली असावी आणि त्या थांब्यावर दिवा असावा.

महापालिकेच्या परिवहन विभागाला आणि मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोला माझी विनंती एवढीच आहे की, नवे शैक्षणिक सत्र सुरू होण्यापूर्वी छत्रपती चौक ते प्रजापतीनगर हा एकच भाग निवडून, दर १० मिनिटांनी बस, राखीव थांबे आणि मेट्रोच्या कार्डावर तिकीट अशा तिन्ही गोष्टींसह तो किमान एक वर्ष चालवावा. दोन महिन्यांत गाशा गुंडाळू नये, कारण लोकांना वाहनाची सवय मोडायला वेळ लागतो. दर महिन्याला कोणत्या थांब्यावर किती प्रवासी चढले आणि दोन बसमधले प्रत्यक्ष अंतर किती राहिले, हे आकडे जाहीर करावेत. मार्ग आखताना परिवहन विभागाच्या अधिकाऱ्यांनी एकदा सकाळी नऊ वाजता दिघोरी नाक्यावरून निघून, सरकारी वाहन न वापरता, दहाच्या आत रचना रिंग रोड जंक्शनला पोहोचून पाहावे आणि वाटेत किती वाहने बदलावी लागली याची नोंद त्या प्रस्तावाला जोडावी.

आपली,
रिंग रोडची एक नियमित प्रवासी,
मानेवाडा, नागपूर